राणीने मागवलेली काळजं

१८९६ चा ऑक्टोबर. मुंबईच्या फोर्टात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. एका सकाळी लोकांनी पाहिलं तर पुतळ्याला डांबर फासलेलं आणि गळ्यात जोड्यांची माळ. कुणी केलं ते कळेना, पोलिसांना माग लागेना. त्याच सुमारास मांडवीत सुरू झालेला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शहरभर पसरत होता आणि म्युनिसिपालिटीची माणसं घराघरांतून रोगी उचलून आर्थर रोडच्या हॉस्पिटलात नेत होती. लोकांच्या बोलण्यात या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या. पुतळ्याच्या विटंबनेने राणी खवळली आहे, तिचा राग शांत करायला मुंबईच्या माणसांची काळजं हवी आहेत, आणि ती काढून घेण्याची जागा म्हणजे आर्थर रोडचं हॉस्पिटल. प्लेग ही नुसती सबब.

दुसरी गोष्ट मोमियाईची. ती प्लेगच्या आधीपासून लोकांत होतीच. साहेब माणूस पकडून नेतो, उलटा टांगतो, खाली विस्तव पेटवतो आणि डोक्यातून ठिबकणारं तेल गोळा करतो, त्याचं गुणकारी औषध होतं, अशी ती गोष्ट. एरवी पोरांना भीती घालायला सांगायची. प्लेगच्या दिवसांत ती मोठ्या माणसांनी खरी मानली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले.

मुंबई-पुण्याच्या प्लेगचा हा काळ मी बरीच वर्षं वाचते आहे आणि पुन्हा पुन्हा त्याकडे वळते. कारण जेमतेम एका वर्षात, मुंबई आणि पुणे या दोनच शहरांत, तीन कटांची चर्चा झाली. एक कट गिरणगावातल्या गरिबांनी सांगितला, तो खोटा होता. एक सरकारने सांगितला, तोही खोटा होता. आणि एक कट खरोखरच शिजला होता, ज्याची दोघांपैकी कुणालाही कल्पना नव्हती. कटाची गोष्ट कानावर आली की ती कशी तोलायची, हे मी कुठल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या एका वर्षाकडून जास्त शिकले.

आधी काळजांची गोष्ट. अशी गोष्ट ऐकली की आपण पहिल्यांदा विचारतो, यात कुणाचा फायदा? प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर तपशिलात जाऊन द्यावं लागतं. १८९६-९७ च्या मुंबईत सरकारला, गिरणी मालकांना, बंदरावरच्या व्यापाऱ्यांना काय हवं होतं? त्यांना मजूर हवे होते. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांना परदेशी बंदरांत अडवलं जात होतं. युरोपातल्या राष्ट्रांनी हिंदुस्थानच्या मालावर बंदी घातली तर काय, या धास्तीने सरकार हैराण होतं. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळपास निम्मी वस्ती गाव सोडून निघून गेली, आणि गिरण्यांवर अशी पाळी आली की मजूर मिळवण्यासाठी नाक्यानाक्यावर जास्त मजुरीची बोली लावावी लागली. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना सगळ्यात मोठी भीती होती ती हलालखोर (मैला उचलणारे) आणि झाडूवाले पळून जाण्याची. ते गेले असते तर शहरच बंद पडलं असतं. हल्ल्यानंतर स्नो यांनी सक्तीचे नियम लगोलग सैल केले, त्यामागे ही भीती होती. ज्या राज्यकर्त्यांचा जीव मजूर टिकवण्यात अडकलेला आहे, ते मजुरांना मारून काय मिळवणार?

मग दुसरा प्रश्न येतो, मला तो पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. हे प्रत्यक्षात करायचं झालं तर कसं करतील? हॉस्पिटल काही दोन गोऱ्या डॉक्टरांनी चालत नाही. तिथे वॉर्डबॉय होते, आया होत्या, हमाल, मेहतर, डोलीवाले, प्रेतं उचलणारे, स्मशानात लाकडं रचणारे, कबरी खणणारे होते. हे सगळे लोक याच शहरातल्या चाळींत राहणारे, त्यांचीही माणसं प्लेगने मरत होती. माणसं टांगून तेल काढण्याचा उद्योग चालला असता तर त्यांच्यातलं कुणी ना कुणी रात्री घरी जाऊन बायकोपाशी बोललंच असतं. गुपित जितक्या जास्त माणसांना पोटात ठेवावं लागतं, तितकं ते लवकर फुटतं. आणि हे गुपित तर दररोज, नव्या माणसांसमोर, महिनोन्‌महिने सांभाळावं लागलं असतं.

म्हणजे गोष्ट खोटी. पण इथे थांबणारा माणूस मला अर्ध्या वाटेतून परतलेला वाटतो. त्या कामगारांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं, ते खोटं नव्हतं. हॉस्पिटलात नेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नव्हता, हे खरं होतं. गाठीच्या प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं, निम्म्याहून जास्त रोगी दगावत. त्यात लोक माणूस लपवून ठेवायचे आणि अगदी शेवटच्या अवस्थेत तो सापडायचा, त्यामुळे हॉस्पिटलातला मृत्यूंचा आकडा आणखी चढायचा. घरातून जबरदस्तीने उचलून नेतात, हेही खरं होतं. घरच्यांना आत जाऊ देत नाहीत, जातीपातीचा, खाण्यापिण्याचा, देहाच्या शेवटच्या विधींचा विचार करत नाहीत, यातही खोटं काही नव्हतं. आग असल्याशिवाय धूर निघत नाही म्हणतात. धूर होता आणि आगही होती, फक्त ती लोक दाखवत होते त्या जागी नव्हती.

बघितलेलं आणि लावलेला अर्थ, या दोन गोष्टी सुट्या करून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. एका बाजूचे लोक अर्थ खोटा म्हणून बघितलेलंही धुडकावतात, दुसऱ्या बाजूचे बघितलेलं खरं म्हणून अर्थही खरा धरतात. आणि दोन्ही बाजू एकमेकांना मूर्ख म्हणतात. मला वाटतं, अफवेचा खरा धोका याच ठिकाणी आहे. त्या गिरणी कामगारांची तक्रार रास्त होती, पण ती राणी आणि काळजं यांच्या गोष्टीत गुंडाळून पुढे आल्यामुळे साहेबांना ती अडाण्यांचा वेडेपणा म्हणून बाजूला सारता आली.

आता त्या पुतळ्याकडे वळू. डांबर कुणी फासलं होतं? ते काम होतं चिंचवडच्या दामोदर चापेकराचं. हे लोकांना कळायला वर्ष जावं लागलं, कारण त्याने स्वतः पुढे जबाबात सांगितलं तेव्हाच ते बाहेर आलं. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. मुंबईची माणसं पुतळ्याच्या निमित्ताने सातासमुद्रापलीकडच्या राणीचा कट रचून एकमेकांना सांगत होती, आणि खरोखर गुप्तपणे काही केलेला तरुण त्यांच्याच गर्दीत वावरून पुण्याला परत गेला होता.

पुण्यात पुढे काय झालं ते मराठी वाचकांना ठाऊक आहे, पण त्यातला क्रम लक्षात घ्यायला हवा. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. (हाच कायदा २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी लागू केला.) पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आला. १० मार्चला सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगने गेल्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घालून त्या दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. आणि १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरांची झडती घेऊ लागल्या. माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात बुटांसकट शिरायचे. जांघेत, काखेत गाठ आहे का ते बघायला माणसांना बाहेर काढायचे, त्यात बायकाही आल्या. सामान अंगणात फेकायचे, काही जाळायचे. संशयितांना स्वारगेटच्या छावणीत धाडायचे.

२२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याच्या मेजवानीहून गणेशखिंडीच्या रस्त्याने रँड परत येत असताना दामोदरने त्याच्यावर गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट दामोदरचा भाऊ बाळकृष्ण याच्या गोळीने जागीच मेला. रँड ३ जुलैला हॉस्पिटलात मेला.

आता सरकारने कटाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या इंग्रजांच्या, वर्तमानपत्रांनी तर लगेच निकाल देऊन टाकला. पुण्याच्या ब्राह्मणांचा हा मोठा, पद्धतशीर कट आहे, त्याची सूत्रं शिवाजी उत्सव भरवणाऱ्यांच्या आणि केसरी चालवणाऱ्यांच्या हाती आहेत. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. जुलैअखेरीस टिळकांना पकडलं. सरदार नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवताच कैदेत टाकलं. टिळकांवर खटला झाला, पण खुनाच्या कटाचा आरोप त्यांच्यावर ठेवलाच गेला नाही. आरोप होता राजद्रोहाचा, आधार होता १५ जूनच्या केसरीतला मजकूर. ज्युरीतले सहा युरोपियन एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली.

सरकारचा तर्क कसा चालला होता ते बघा. टिळकांना रँडचा राग होता का? होता. नातूंना होता का? त्यांनी झडत्यांबद्दल तक्रारींवर तक्रारी केल्या होत्या. मग हेतू आहे, सबब हात आहे. पण त्या उन्हाळ्यात पुण्यात रँडचा राग कुणाला नव्हता? ज्याच्या घरात सोजीर शिरला, ज्याच्या बायकोला रस्त्यात उभं केलं, ज्याची अंथरुणं जाळली, त्या प्रत्येकाकडे हेतू होता. हेतू सगळ्या गावाकडे असेल तर तो एका माणसाकडे बोट दाखवू शकत नाही. गिरणी कामगार अडाणी म्हणून चुकले, असं ज्यांना वाटतं त्यांनी सरकारची ही चूक शेजारी ठेवून पाहावी. शिकलेले, सत्तेवर बसलेले, हाताशी पोलीस आणि हेर असलेले लोकही त्याच वाटेने चुकले. फरक एवढाच की कामगारांच्या चुकीने एका हॉस्पिटलची मोडतोड झाली आणि सरकारच्या चुकीने माणसं खटल्याविना तुरुंगात गेली.

खरा कट बाहेर आला तो बक्षिसामुळे. वीस हजार रुपयांचं इनाम लावलेलं होतं. ब्रुइन नावाचा पोलीस अधिकारी तपास करत होता आणि चापेकरांच्या ओळखीतल्या द्रविड बंधूंकडून त्याला चापेकरांचा सुगावा लागला. ऑक्टोबरात, म्हणजे चार महिन्यांच्या आत, दामोदर जबाब देत होता. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात त्याला फाशी झाली. बाळकृष्ण काही काळ निजामाच्या हद्दीत लपून राहिला, तोही सापडला. धाकट्या वासुदेवने आणि महादेव रानडेने १८९९ च्या फेब्रुवारीत द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या, आणि त्या मे महिन्यात बाळकृष्ण, वासुदेव आणि रानडे असे तिघेही फासावर गेले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, एका आईची तीन मुलं. चिंचवडच्या चापेकर चौकातून जाताना मला दर वेळी त्या आईची आठवण येते.

या खऱ्या कटाची ठेवण नीट बघण्यासारखी आहे. माणसं मोजकी, तीही भाऊ आणि जिवलग मित्र. काम एकच, एका रात्रीत संपणारं. पुढे दररोज काही लपवत बसण्याची गरज नव्हती, फक्त गप्प राहायचं होतं. तरीही त्यात चूक झाली, कारण आयर्स्ट त्यांच्या यादीत नव्हता. आणि तेवढंसं गुपितही पैशांपुढे चार महिने टिकलं नाही. खरे कट असेच असतात. ते लहान असतात, घिसाडघाईचे असतात, त्यात काहीतरी बिनसतं आणि शेवटी ओळखीच्याच माणसाकडून फुटतात. म्हणून जेव्हा कुणी मला हजारो माणसं सामील असलेला, वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला, एकही चूक न होणारा कट सांगतं, तेव्हा मी चापेकरांना आठवते. त्यांची त्यांच्या कामावर निष्ठा होती, देह द्यायची तयारी होती. असल्या माणसांनाही जे चार महिने जमलं नाही, ते पगारी नोकरांच्या एका आख्ख्या खात्याला वीस वर्षं जमेल?

आणि हेतूबद्दलही एक गोष्ट. दामोदरने तुरुंगात स्वतःचं आत्मवृत्त लिहिलं. ते वाचलं की कळतं, त्याच्या डोक्यातला राग सरकारने कल्पिला तसा नव्हता. त्यात धर्म बुडाल्याचा संताप आहे, समाजसुधारकांबद्दल तिटकारा आहे, फौजेत घेतलं नाही याची सल आहे. बाहेरच्याने बांधलेल्या हेतूच्या अंदाजात यातलं बरंचसं बसत नाही. माणूस काही करतो तेव्हा त्याच्या मनात काय होतं, हे तो स्वतः सांगेपर्यंत आपण फार तर अदमास बांधू शकतो.

त्याच वर्षातली आणखी एक घटना आहे आणि ती मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्यांच्या आधारावर गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियनला सांगितलं की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. पार्लमेंटात खळबळ उडाली, मुंबई सरकारने साफ इन्कार केला. गोखले परत आले आणि पुरावा शोधू लागले. कुणी पुढे येईना. ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांची नावं गोखल्यांना उघड करायची नव्हती, आणि टिळक-नातूंची धरपकड बघितल्यावर साक्ष द्यायला कोण धजणार? शेवटी गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नरची मागितली, सोजिरांचीही मागितली. पुण्यात त्यांच्यावर भित्रेपणाचा शिक्का बसला, तो कित्येक वर्षं पुसला गेला नाही.

मला गोखले बरोबर वाटतात. सिद्ध करता येत नाही ते मागे घेणं, तेही सगळं गाव विरोधात असताना, याला फार मोठं धैर्य लागतं. पण त्या माफीचा अर्थ काय? सिद्ध झालं नाही म्हणजे घडलंच नाही, असा अर्थ सरकारने काढला आणि तो सोयीचा होता. पंडिता रमाबाईंनीही त्या काळात पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलातल्या मुलींच्या हालांबद्दल जाहीर पत्र लिहिलं होतं. बाईची अब्रू गेल्याचं तिच्या घरचे तेव्हा चारचौघांत, गोऱ्या साहेबापुढे सांगतील ही अपेक्षाच कशी करायची? साक्षीदाराला तोंड उघडण्याची जिथे किंमत मोजावी लागते, तिथे पुराव्याचा अभाव हा निर्दोषपणाचा दाखला होऊ शकत नाही. मी स्वतः अशा वेळी निकाल न देता थांबायचं ठरवलं आहे. हे झालंच असं म्हणायचं नाही, झालं नाही असंही म्हणायचं नाही. हा मुक्काम कुणालाच आवडत नाही, हे अनुभवाने सांगते.

प्लेगच्याच इतिहासात मुलकोवाल आहे, त्याबद्दल थोडक्यात सांगते. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या या गावात हाफकिन यांची प्लेगची लस टोचलेले एकोणीस लोक धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती, त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतली घेतलेल्यांना काही झालं नाही. सरकारने ठपका हाफकिन यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. पुढे तपासात जे समोर आलं ते अगदी साधं होतं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. एकोणीस माणसं मरतात तेव्हा तेवढंच मोठं कारण असावं असं मनाला वाटतं, एका चिमट्यावर समाधान होत नाही. कटाच्या कितीतरी गोष्टी या असमाधानातून जन्मतात.

हे सगळं जुनं झालं असं मी समजत होते, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाहून चुलतभावाचा फोन आला. अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, पाच दिवस ताप होता. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८८ दाखवत होता आणि ते दवाखान्यात जायला तयार नव्हते.

मी म्हटलं, "अण्णांना द्या फोन."

"पोरी, तिथं गेलेलं माणूस माघारी येतंय का?" अण्णांना धाप लागत होती, तरी बोलत होते. "किडन्या काढून घेत्यात. शेजारच्या आळीतलं पोरगं गेलं, प्लास्टिकात बांधून दिलं. त्याच्या आईला तोंडसुद्धा दाखवलं न्हाई."

"किडनी काढून कुणाला बसवत असतील, अण्णा?"

"पैशेवाल्याला."

"पैसेवाला कोरोना झालेल्या माणसाची किडनी स्वतःला बसवून घेईल?"

बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "ते मला ठावं न्हाई. पण मग तोंड का दाखवत न्हाईत?"

या प्रश्नाला माझ्याजवळ युक्तिवाद नव्हता, कारण प्रश्न खरा होता. आईला मुलाचं तोंड बघू न देणं यात संसर्गाची भीती होती, नियम होता, सगळं होतं, पण ते क्रूरही होतं. मी तसं अण्णांना सांगितलं. तोंड दाखवायला पाहिजे होतं, चूकच झाली त्यांची, असं म्हटलं. मग अण्णांनी विचारलं, "फोन माझ्यापाशी राहू देत्यात का?" आणि "पोरगा बाहेर बसंल का?" तालुक्याच्या कोविड सेंटरला विचारून भावाने दोन्हीचा होकार मिळवला. अण्णा गेले, आणि रोज संध्याकाळी फोनवर आज जेवायला काय होतं ते आम्हाला सांगत राहिले.

किडनीची ती गोष्ट त्या दोन वर्षांत देशभर फिरली. तिची तोलणी करायची तर मोमियाईचीच पट्टी पुरते. हृदय थांबल्यावर मूत्रपिंड काही मिनिटांत काढून थंड करावं लागतं, नाहीतर ते निकामी होतं. रक्तगट जुळावा लागतो, बऱ्याच तपासण्या लागतात, घेणारा रोगी तयार असावा लागतो, सगळं सामान आणि माणसं असलेलं ऑपरेशन थिएटर लागतं. ज्या दिवसांत ऑक्सिजनचा सिलिंडर मिळत नव्हता, त्या दिवसांत खाटांवर दोन-दोन रोगी असलेल्या वॉर्डात हे कुणी केलं असतं?

पण इथेही अर्ध्यावर परतू नये. मूत्रपिंडांचा काळाबाजार आपल्या देशात आहे आणि तो सिद्ध झालेला आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा त्याला आळा घालायलाच आला. त्यानंतरही मुंबईत २०१६ साली एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात प्रत्यारोपण ऐन वेळी थांबवावं लागलं, कारण रोग्याची बायको म्हणून दाखवलेली दात्री त्याची बायको नव्हतीच. त्या प्रकरणात दलाल होते, बनावट कागदपत्रं होती, डॉक्टरांनाही अटक झाली. खरा गुन्हा कसा चालतो ते यात दिसतं. दाता जिवंत असतो, कर्जात बुडालेला असतो, त्याला थोडे पैसे देऊन गप्प केलेलं असतं, आणि सगळी लबाडी रेशन कार्ड, लग्नाचा दाखला असल्या कागदांत असते. साथीत मेलेल्यांना चोरून कापण्याची गोष्ट आपल्याला हादरवते. गरिबाच्या कर्जाची गोष्ट मात्र आपण वर्तमानपत्रात वाचून पान उलटतो, आणि खरा व्यवहार त्या दुसऱ्या पानावर चाललेला असतो. म्हणून खोट्या कटांचा मला राग येतो. त्यांच्या गोंगाटात खऱ्या कटांना आडोसा मिळतो.

अफवेवर उपाय म्हणून लोकांना शहाणं करा, असं सगळेच म्हणतात. प्लेगच्या मुंबईत तो उपाय फारसा चालला नाही. पत्रकं निघाली, पुढाऱ्यांनी समजावलं, तरी सक्ती आणि अफवा दोन्ही चालूच राहिल्या. १८९८ च्या ९ मार्चला मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला न्यायला प्लेगचं पथक गेलं आणि दंगल उसळली, माणसं मेली. त्यानंतर सरकारने सक्तीचा नाद हळूहळू सोडला आणि ज्या गोष्टीला आधी नाइलाजाने परवानगी दिली होती तिच्यावर भर दिला. ती गोष्ट म्हणजे ज्या त्या समाजाने चालवलेली हॉस्पिटलं. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल १८९७ मध्येच निघालं होतं, मुंबईत हिंदूंची, मुसलमानांची, पारशांची, जैनांची अशी कितीतरी निघाली. औषध तिथेही नव्हतं आणि माणसं तिथेही मरत होती. पण घरचं माणूस उशाशी बसू शकत होतं, ओळखीचा वैद्य येऊ शकत होता, जेवण आपल्या पद्धतीचं मिळत होतं आणि माणूस गेला तर त्याचा देह आपल्या लोकांच्या हाती येत होता. आर्थर रोडला ज्या शहरातल्या माणसांना ओढत न्यावं लागत होतं, त्याच शहरातले लोक या हॉस्पिटलांत आपल्या रोग्यांना स्वतः आणून सोडू लागले.